फिरंग रोगाच्या चिकित्सेची मुदत : वैद्यकी बाडांतील सात दिवस आणि आजचें एक इंजेक्शन

औंढा नागनाथाच्या परिसरांत जुनें जें जें कांहीं सांपडेल तें हेमाडपंताच्या नांवावर घालण्याची लोकांस संवय आहे. देऊळ हेमाडपंती, बारव हेमाडपंती, आणि एखाद्या घरांतून वैद्यकीचें बाड निघालें तर त्यांतील औषधेंहि हेमाडपंतीच. या शेवटच्या समजुतीस अगदींच आधार नाहीं असें नाहीं. यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्रि यानें वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर 'आयुर्वेदरसायन' नांवाची टीका लिहिली हें सर्वश्रुत आहे. परंतु आमच्याकडे दाखविण्यास आलेल्या अशा पानावर 'फिरंग' आणि 'चोपचिनी' हे दोन शब्द शेजारीं शेजारीं दिसले कीं, तें पान आम्ही हेमाद्रीपासून अडीच शतकें तरी अलीकडे आणून ठेवतों, मग त्याचा कागद कितीहि जीर्ण असो. धन्यास याचें वाईट वाटतें, पण इलाज नाहीं.

प्रस्तुत टिपण लिहिण्यास निमित्त मात्र वेगळें घडलें. आमचे एक जुने विद्यार्थी हल्लीं वैद्यकीचा व्यवसाय करितात. इ. स. २०२५ च्या सप्टेंबर महिन्यांत 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या अमेरिकन नियतकालिकाच्या द्वारें प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाचा वृत्तांत त्यांनीं आम्हांस वाचून दाखविला. विषय असा कीं, ज्यास डॉक्टर लोक सिफिलिस म्हणतात व आपल्या लोकांत जो गरमी या नांवानें ओळखला जातो, तो रोग नवा असतां त्यावर पेनिसिलीनचें एकच इंजेक्शन पुरे, कीं आठवड्याच्या अंतरानें तीन द्यावीं. वाचून झाल्यावर ते सहज म्हणाले, "गुरुजी, तुमच्या पोथ्यांत याची मुदत किती दिली आहे ?" आम्ही तत्काळ 'सात दिवस' असें उत्तर दिलें. दिल्यानंतर लक्षांत आलें कीं, हें उत्तर आपण इतकीं वर्षें पाठ म्हणत आलों, पण सात दिवसांनीं रोग गेला हें कोणी व कशावरून ठरविलें याचा विचार आपण कधींच केला नाहीं. तो आतां करावयाचा आहे.

प्रथम नांवाचा निकाल लावूं. सुश्रुताच्या निदानस्थानाच्या बाराव्या अध्यायांत 'उपदंश' हा रोग सांगितला आहे, व हल्लीं सिफिलिसला मराठींत उपदंशच म्हणतात. यावरून हा रोग आपल्याकडे सुश्रुतकाळापासून होता असें प्रतिपादन करणारे विद्वान आमच्या परिचयाचे आहेत. आम्हांस तें मान्य नाहीं. सुश्रुताचा उपदंश हा स्थानिक व्रण आहे. तो कांहीं काळ दडून पुढें नाक बसवितो, हाडें वांकवितो, असें तेथें म्हटलेलें नाहीं. हीं लक्षणें येतात तीं सोळाव्या शतकांतील भावमिश्राच्या 'भावप्रकाश' ग्रंथांत, आणि तेथें रोगाचें नांव उपदंश नसून 'फिरंग' असें आहे. फिरंग देशांत हा फार, फिरंगी मनुष्याच्या वा स्त्रीच्या संसर्गानें होणारा, आणि म्हणून आगंतुक, अशी त्याची उपपत्ति ग्रंथकारानें दिली आहे. कालगणना या म्हणण्याशीं जुळते. इ. स. १४९५ च्या सुमारास नेपल्सच्या स्वारींत हा रोग युरोपांत भडकला. १४९८ त वास्को द गामा कालिकतास पोंचला. १५१० त आल्बुकर्कानें गोवें घेतलें. रोगाचें नांव परक्याच्या माथीं मारण्याची रीत त्या काळीं सर्वत्र होती. इटालियन लोक त्यास फ्रेंच रोग म्हणत, फ्रेंच लोक नेपल्सचा रोग म्हणत, आणि आमचे शास्त्री फिरंग म्हणाले. मराठी जनतेनें मात्र त्यास 'गरमी' म्हणून कोणत्याहि देशावर ठपका ठेविला नाहीं, हें सहज ध्यानांत आलें म्हणून नमूद करितों.

चोपचिनीची गोष्टहि याच काळांतली. ही मुळी चीन देशाकडून समुद्रमार्गानें आली. भावमिश्रानें तिला द्वीपांतरवचा म्हणजे बेटांकडून आलेलें वेखंड असें संस्कृत नांव बनवून दिलें. गोव्यास १५३४ त आलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यानें आपल्या संवादात्मक ग्रंथांत या मुळीवर स्वतंत्र प्रकरण लिहिलें आहे, आणि फिरंग रोगावर तिचा उपयोग सांगितला आहे. हा ग्रंथ १५६३ त गोव्यांतच छापला गेला. ऑर्ता हा अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारींहि वैद्य या नात्यानें जात असे. अर्थात् मराठी मुलुखाच्या ऐन मध्यावर, किनाऱ्यापासून दूर, या नव्या औषधाची माहिती सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पोंचण्यास वाट होती. गोदावरीच्या उत्तरेकडील आमच्या भागांत ती कोणत्या वर्षीं आली हें सांगणारा कागद हातीं येईल तेव्हां येईल.

आतां मुदतीकडे वळूं. भावप्रकाशाच्या मध्यम खंडांत फिरंगावर जे योग दिले आहेत त्यांत पाऱ्याचे तीन योग असे आहेत कीं, ज्यांना सात हा आंकडा जोडलेला आहे. पहिला पारा, खैर, अक्कलकरा व मध यांच्या सात गोळ्यांचा. रोज सकाळीं एक. दुसरा पारा, गंधक व तांदूळ यांची कज्जली करून तिच्या सात वड्या पाडावयाच्या व सात दिवस त्यांची धुरी घ्यावयाची. तिसरा आम्हांस सर्वांत विलक्षण वाटतो : पिवळ्या फुलांच्या बलेच्या पानांचा रस घेऊन टंकभर पारा दोन्ही तळहातांनीं तो दिसेनासा होईपर्यंत चोळावा, मग हात शेकावे, आणि असें सात दिवस करून मीठ व आंबट सोडावें. याखेरीज रसकापूर आहे. तो कणकेच्या गोळींत कोंडून, वर लवंगेची पूड लावून, दातांस अजिबात न लागेल असा गिळावयाचा. चोपचिनीचें चूर्ण मधांतून घ्यावयाचें व मीठ वर्ज्य करावयाचें; ज्यास तें साधत नसेल त्यानें सैंधव खावें. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, चोपचिनीस मुदत दिलेली नाहीं. मुदत आहे ती पाऱ्यास.

असें कां ? सात या आंकड्याचा आमच्या लोकांस सोस आहे. सप्ताह, सप्तपदी, सप्तधान्य. पण केवळ तेवढ्यावर आम्ही हा प्रश्न सोडणार नाहीं. पारा मनुष्याच्या अंगीं किती दिवस सोसवतो याचा अनुभव वैद्यांस चांगला होता. हिरड्या सुजतात, दांत हलतात, लाळेची धार लागते. यालाच जुन्या वैद्यांच्या बोलण्यांत 'तोंड आणणें' म्हणत. युरोपांतील वैद्य तर पुष्कळ लाळ गळाली म्हणजे रोगविष बाहेर पडलें असें समजून हें मुद्दाम घडवून आणीत. आमच्या ग्रंथकारानें दातांस औषध लागूं देऊं नका असा जो इशारा दिला आहे, त्यावरून त्याला तोंड आलेलें नको होतें हें उघड दिसतें. तेव्हां सात दिवस ही रोगाची मुदत नसून रोग्याच्या सहनशक्तीची मुदत असावी, असा आमचा तर्क आहे. तर्क म्हणूनच तो वाचकांनीं घ्यावा. (रसकापूर हें तीव्र विष आहे. बाडांतील योग पाहून तो कोणी करून पाहूं नये, हें लिहिण्याची गरज नसावी, तरी लिहितों.)

पण सात दिवसांनीं रोग संपतो, यांत संशय नाहीं, अशी जी ग्वाही ग्रंथांत व त्यावरून उतरलेल्या बाडांत मिळते, तिचें काय ? लबाडी म्हणावी तर तसें वाटत नाहीं. या रोगाचा स्वभावच असा आहे कीं, त्याचा पहिला व्रण कांहींहि उपचार न केला तरी तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येतो. पुढें अंगावर पुरळ येतें, तेंहि मावळतें. त्यानंतर वर्षानुवर्षें बाहेर कांहीं दिसत नाहीं, आणि कित्येकांच्या बाबतींत दहा-वीस वर्षांनीं हृदय, मेंदू किंवा हाडें यांवर घाला पडतो. अशा रोगांत मधल्या काळांत जो वैद्य येईल तो यशस्वी ठरतो. त्यानें पाहिलें तें खरेंच पाहिलें : जखम भरली. जें पाहतां येत नव्हतें तें पाहण्याचें साधन त्याच्यापाशीं नव्हतें. सातव्या दिवशीं रोगी उठून घरीं गेला, आणि पंधरा वर्षांनीं त्याचें नाक बसलें तेव्हां तो दुसऱ्याच वैद्याच्या ओसरीवर गेला असेल.

असें असूनहि भावमिश्राच्या एका वाक्यास आम्ही सर्वांत अधिक किंमत देतों, आणि बाडें उतरून घेणाऱ्यांनीं नेमकें तेंच गाळलेलें असतें. त्यानें फिरंगाचे बाह्य, आभ्यंतर व उभयरूप असे तीन भेद केले. यांपैकीं जो बाह्य, नवा आणि उपद्रवरहित तो साध्य, आभ्यंतर कष्टसाध्य, आणि जो आंत-बाहेर दोन्हीकडे व्यापला, जुना झाला व क्षीण मनुष्यास उपद्रवांसह जडला तो असाध्य. नव्या व जुन्या रोगास एक माप लावूं नये, हा विवेक यांत आहे. वैद्यकी बाडांचे लेखक व्यवहारी लोक. त्यांनीं योग तेवढे उचलले, साध्यासाध्यविचार सोडून दिला. त्यामुळें जो 'सात दिवस' हा आंकडा मुळांत कांहीं मर्यादेंत होता, तो बाडांत येऊन सर्व रोग्यांस सरसकट लागू झाला.

मुदत ठरविण्याचें साधन नसणें ही गोष्ट केवळ पोथींतली नव्हे. आमच्या औंढ्याजवळ हिंगोली येथें निजामाच्या हैदराबाद कंटिंजंटची छावणी १९०३ पर्यंत होती, आणि छावणी म्हटली कीं हा रोग तिच्या पाठीं असेच. ब्रिटिश मुलुखांत त्यावर उपाय म्हणून १८६८ त सांसर्गिक रोगांचा कायदा झाला, तो १८८८ त रद्द झाला. त्या कायद्यानें स्त्रियांची नोंद करीत, त्यांस तपासणीस आणीत, व रोगी ठरल्यास बऱ्या होईपर्यंत खास इस्पितळांत अडकवून ठेवीत. शिपायांस तशी सक्ति नव्हती. 'बऱ्या होईपर्यंत' म्हणजे कधींपर्यंत ? डॉक्टरच्या डोळ्यांस जखम दिसेनाशी होईपर्यंत. भावमिश्राच्या काळापासून तीनशें वर्षें लोटलीं होतीं, पण बरें झाल्याचा पुरावा तोच होता. फरक एवढाच कीं, पोथींतील रोगी सातव्या दिवशीं घरीं जाई आणि ही बाई डॉक्टरच्या मर्जीनें.

हा अंधार विसाव्या शतकाच्या आरंभीं फिटला. १९०५ त शाउडिन व हॉफमन या जर्मन संशोधकांनीं रोगाचा मळसूत्रासारखा जंतु दाखविला; १९०६ त वासरमन यानें रक्ताची परीक्षा बसविली; आणि १९१० त एर्लिख व त्याचा जपानी सहकारी हाता यांचें सोमलघटित औषध, तें प्रसिद्ध '६०६', बाजारांत आलें. येथें एक चमत्कारिक गोष्ट घडली. बरें झाल्याचा पुरावा हातीं येतांच चिकित्सेची मुदत आंखडली नाहीं, उलट वाढली. जखम भरली तरी रक्त दोषी निघूं लागलें, आणि मग सोमल व बिस्मथ यांचीं इंजेक्शनें आठवड्यामागून आठवडे, वर्षभर आणि त्याहूनहि अधिक चालूं लागलीं. सात दिवसांची मुदत दीड वर्षावर गेली. शास्त्राच्या दृष्टीनें ती प्रगतीच होती, परंतु रोगी तिच्याबरोबर चालेनात. कित्येक मध्येंच सोडून जात. पुरी न केलेली दीर्घ चिकित्सा ही न केलेल्या चिकित्सेहून फारशी वेगळी नसते.

पुढचा टप्पा १९४३ चा. अमेरिकेंत स्टेटन आयलंड येथील इस्पितळांत माहोनी, आर्नल्ड व हॅरिस या तिघांनीं चार रोग्यांस पेनिसिलीन दिलें : दर चार तासांनीं २५,००० युनिटें, रात्रंदिवस, आठ दिवस, एकूण ४८ इंजेक्शनें व १२ लाख युनिटें. दीड वर्षाची चिकित्सा आठ दिवसांवर आली. आमच्या पोथींतल्या सातांहून एक अधिक ! यांत कांहीं गूढ आहे असें मात्र कोणीं समजूं नये. दोन आंकडे जवळ आले एवढेंच. दर चार तासांनीं टोचण्याचें कारण हें कीं, पेनिसिलीन शरीरांतून लवकर निघून जातें, आणि हा जंतु तर फार मंद. त्याची एक पिढी व्हावयास तीसएक तास लागतात. पेनिसिलीन जंतूस त्याच्या वाढीच्या वेळींच मारतें, म्हणून औषध थोडें असलें तरी चालेल, पण सतत पाहिजे. या अडचणीवर तोड निघाली ती १९५० नंतर, बेंझाथिन पेनिसिलीनच्या रूपानें. हें स्नायूंत टोचलें म्हणजे तेथें सांठून राहतें व आठवडेंच्या आठवडें थोडें थोडें रक्तांत झिरपतें. २४ लाख युनिटांचें एक इंजेक्शन, कीं काम झालें. याच सुमारास पेनिसिलीन आपल्या देशांत होऊं लागलें. पुण्याजवळ पिंपरी येथें हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ त स्थापन झाला व १९५५ त त्याचें उत्पादन सुरू झालें. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांचें त्यास साहाय्य होतें. गोव्याच्या बंदरांतून चोपचिनी घेणाऱ्या मुलुखांत हें औषध पिकूं लागलें ही घटना इतिहासाच्या अभ्यासकांनीं टिपून ठेवण्यासारखी आहे; आमच्या पाहण्यांत ती कोणीं टिपलेली नाहीं.

एक इंजेक्शन पुरे असें ठरल्यावर मग तिनाचा प्रश्न आला कोठून ? जुन्या व दडलेल्या रोगास तीन आठवडे तीन इंजेक्शनें द्यावींत हा नियम होताच. पुढें एच्. आय्. व्ही. ची सांथ आली, व ज्यांच्या अंगीं तो विषाणु आहे त्यांस नव्या रोगांतहि तीन द्यावींत अशी चाल पुष्कळ डॉक्टरांनीं पाडली. अधिक दिलेलें बरें, ही बुद्धि. पुरावा फारसा नव्हता. २०२५ त प्रसिद्ध झालेला प्रयोग याच चालीची परीक्षा होता. अमेरिकेंतील १० ठिकाणीं २४९ रोगी घेतले, त्यांत एच्. आय्. व्ही. असलेले निम्म्याहून अधिक होते. चिठ्ठ्या टाकाव्या तशा रीतीनें त्यांचे दोन वर्ग केले. एकास एक इंजेक्शन, दुसऱ्यास तीन. सहा महिन्यांनीं रक्तपरीक्षेचा आंकडा पुरेसा उतरला काय तें पाहिलें. एकाच्या वर्गांत ७६ टक्के, तिनाच्या वर्गांत ७० टक्के. यावरून एक हें तिनाहून श्रेष्ठ असें म्हणतां येत नाहीं. हा फरक योगायोगाचा असूं शकतो. पण तीन दिल्यानें अधिक कांहीं साधलें नाहीं एवढें दिसलें. उरलेल्या पाव-एक लोकांचा रोग गेलाच नाहीं असेंहि नव्हे. कित्येकांच्या रक्तांतील आंकडा सावकाश उतरतो. आणि हा सर्व निर्णय नव्या रोगापुरता आहे. जुन्या, दडलेल्या, किंवा मेंदूपर्यंत पोंचलेल्या रोगास तो लावावयाचा नाहीं.

आमचे विद्यार्थी येथें थांबले व आमच्याकडे पाहूं लागले, कारण ते वाचीत असतां आम्ही भावप्रकाशाची प्रत उघडून बसलों होतों. बाह्य, नवा व उपद्रवरहित तो साध्य. विभाग तोच आहे. भावमिश्राला रोगाची चाल कळली होती. त्याला कळलें नाहीं तें बरें झाल्याचें लक्षण. मुदतीचा त्याचा आंकडा म्हणून चुकला.

मुदत आंखडल्यानें कोणाचें काय साधतें, हें आम्ही त्यांस विचारलें. ते म्हणाले, खेड्यांतला मनुष्य एकदां येतो. दुसऱ्यांदा येण्यास मजुरीचा दिवस बुडतो, आणि घरीं काय सांगावयाचें हा प्रश्न असतो. तिसऱ्यांदा क्वचित् येतो. शिवाय हें औषध जगांत वरचेवर तुटपुंजें पडतें, आणि गर्भवती स्त्रीस या रोगावर पेनिसिलीनवांचून दुसरें मान्य औषध नाहीं. तिला तें न मिळालें तर मूल मेलेलें किंवा रोगी जन्मास येतें. एकाला फुकट दिलेलीं दोन इंजेक्शनें कोणाच्या तरी वांट्याचीं असतात.

आतां आमच्या स्वतःच्या एका अपराधाविषयीं. सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं, नोकरीच्या आरंभीं, आम्ही एका वैद्य घराण्यांतील मराठी बाडाची नक्कल करून घेतली. त्यांत गरमीवरचें एक पान होतें. तें उतरून घेण्यास आम्हांस लाज वाटली. विद्यार्थ्यांच्या हातीं वही पडेल अशी सबब आम्हीं मनाशीं सांगितली व पान गाळलें. पुढें मूळ बाड कसरीनें खाल्लें. त्या पानाच्या समासांत दुसऱ्या हातानें दिवसांचा आंकडा खोडून नवा घातलेला होता, एवढेंच आम्हांस आठवतें. कोणता खोडला व कोणता घातला तें आठवत नाहीं. कोण्या वैद्यानें स्वतःच्या अनुभवानें सातांचे चौदा केले होते, कीं एकवीस ? भावमिश्राच्या ग्वाहीवर या भागांतल्या एखाद्या मनुष्यानें घेतलेला तो संशय होता, आणि तो आमच्या संकोचानें नष्ट झाला.

म्हणून ज्यांच्या संग्रहीं वैद्यकीचीं बाडें असतील त्यांस विनंती आहे कीं, फिरंग, उपदंश, गरमी, चांदी या मथळ्यांखालचीं पानें गाळूं नयेत. नक्कल करितांना औषधांच्या नांवांबरोबर दिवसांचे आंकडे, पथ्य, रोग नवा-जुना असा कांहीं भेद केला असल्यास तो, आणि विशेषतः समासांतील खाडाखोड व तिचें हस्ताक्षर जशींच्या तशीं उतरून घ्यावींत. बाडाचा शक दिला नसला तरी हरकत नाहीं. अशा नकला मंडळाच्या कचेरींत आल्यास आम्ही त्यांची तुलना करून आंकड्यांचें कोष्टक पुढील एखाद्या अंकांत देऊं.